शौल राजा नेमका चुकला कुठे?

बायबल पहिल्यांदाच नीट वाचायला घेतलेला माणूस शमुवेलाच्या पुस्तकांपाशी आला की हमखास एका ठिकाणी अडतो. शौल राजाने युद्धात हाती लागलेली काही मेंढरं आणि बैल मारले नाहीत, म्हणून देवाने त्याला राजा म्हणून नाकारलं. त्याच्यानंतर आलेल्या दावीदाने आपल्याच सैनिकाची बायको राजवाड्यात आणवली, तिला दिवस गेल्याचं कळल्यावर नवऱ्याला लढाईच्या ऐन तोंडी उभं करून मारवलं, आणि तरीही राज्य दावीदाच्याच घराण्यात राहिलं. हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला गप्प करू नये. "देवाची मर्जी" एवढं म्हणून विषय मिटवला की विचारणारा पुढे वाचायचंच सोडतो. माझ्या मते उत्तर मजकुरातच आहे. ते गुन्ह्याच्या आकारात शोधलं तर सापडत नाही. शौलाला जाब विचारल्यावर तो काय बोलला, त्यात ते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी.

राजा, पण शेवटचा शब्द त्याचा नाही

काळ साधारण इ.स.पू. ११व्या शतकाचा. इस्राएल म्हणजे तेव्हा १२ वंशांचा सैलसर समूह. राजधानी नाही, खडं सैन्य नाही. शमुवेल हा त्यांचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा माणूस. तो म्हातारा झाला, त्याची मुलं लाच खाऊ लागली, आणि पश्चिमेच्या किनारपट्टीवर पलिष्टी लोखंडी शस्त्रं घेऊन बसले होते. लोकांचे वडीलधारे रामा गावी शमुवेलाकडे आले नि म्हणाले, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा नेमून द्या.

शमुवेलाने त्यांना बजावलं: राजा तुमची मुलं सैन्यात नेईल, मुली स्वयंपाकाला लावेल, चांगली शेतं घेईल, पिकाचा दहावा भाग वसूल करेल (१ शमुवेल ८). लोक ऐकेनात. मग राजा मिळाला, पण एका अटीवर, आणि ही अट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. आजूबाजूच्या देशांत राजाचा शब्द हाच कायदा होता. इस्राएलात राजाच्या वरही एक आज्ञा होती आणि ती सांगायला संदेष्टा होता. राजाने सैन्य चालवावं, न्याय करावा, पण आपण कोणाच्या वतीने बसलो आहोत हे विसरू नये. राजाची निवड त्याच्या डोक्यावर तेल ओतून होत असे. त्याला अभिषेक म्हणतात. तेल ओतणारा संदेष्टा, म्हणजे सत्ता दिलेली आहे, कमावलेली नाही, हे पहिल्याच दिवशी मांडलं जाई.

सुरुवात खरंच चांगली होती

शौल पहिल्यापासूनच वाईट होता असं समजून वाचलं तर गोष्ट हातातून जाते. तो बन्यामीन वंशातल्या कीशाचा मुलगा. अंगाने असा की उभा राहिला तर बाकीचे त्याच्या खांद्याला लागत. बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि शमुवेलाला भेटून राजा होऊन परतला. लोकांसमोर नाव जाहीर करायची वेळ आली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. "हा काय आम्हाला वाचवणार?" म्हणून काही जणांनी नाक मुरडलं, नजराणाही आणला नाही. शौल गप्प राहिला.

पुढे अम्मोनी राजा नाहाश याने याबेश-गिलाद या गावाला वेढा घातला आणि तहाची अट सांगितली की सगळ्यांचे उजवे डोळे काढीन. शौल तेव्हा बैलांमागून शेतातून येत होता. त्याने बैलजोडी कापून तिचे तुकडे सगळ्या वंशांकडे पाठवले, माणसं गोळा केली, रात्रीतून चाल केली आणि गाव सोडवलं. विजयानंतर लोक म्हणाले, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांना आता ठार करू. शौलाने एकालाही हात लावू दिला नाही; आज परमेश्वराने सुटका केली आहे, असं तो म्हणाला.

हा माणूस पुढे बिघडतो, म्हणून तर त्याची गोष्ट वाचायची. मुळातच दुष्ट असलेल्या राजाकडून शिकण्यासारखं फार नसतं. तो आपल्यासारखा वाटतच नाही.

सातवा दिवस

पहिली ठेच मिखमाशच्या लढाईत लागली. पलिष्ट्यांचं सैन्य समुद्राच्या वाळूसारखं पसरलं होतं. इस्राएलात लोहार उरलेला नव्हता. पलिष्ट्यांनी तो राहूच दिला नव्हता, नांगराचा फाळ लावून घ्यायलाही त्यांच्याकडेच जावं लागे. लढाईच्या दिवशी तलवार किंवा भाला होता तो फक्त शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्याकडे. लोक गुहांत, झुडपांत, विहिरींत दडू लागले. शमुवेलाने सांगितलं होतं, गिलगालला सात दिवस थांब, मी येऊन होमार्पण करीन. होमार्पण म्हणजे वेदीवर संपूर्ण जाळून वाहिलेलं अर्पण.

सात दिवस झाले. शमुवेल नाही. माणसं पांगत चालली. शौलाने स्वतःच अर्पण वाहिलं. ते उरकतंय तोच शमुवेल समोर. उरलेली माणसं मोजली तर ६००.

यावर लगेच येणारी शंका: उशीर शमुवेलाने केला, मग शिक्षा शौलाला का? ही तक्रार मला अगदीच चुकीची वाटत नाही. वाट पाहणाऱ्याचा जीव खालीवर होत असतो आणि मजकूर ते लपवत नाही. पण शौलाने दिलेलं कारण ऐका. माणसं पांगत होती, तुम्ही आला नाहीत, पलिष्टी जमले होते, आणि मी अजून परमेश्वराची कृपा मागितली नव्हती, म्हणून मनाविरुद्ध अर्पण केलं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. फक्त अर्पणाचा उपयोग बदललाय. सैन्य टिकवण्यासाठी, लोकांना धीर यावा म्हणून ते उरकून घेतलंय. देवाशी बोलणं हा लढाईपूर्वीचा एक सोपस्कार झाला.

हे मी शौलावर लादत नाही, कारण पुढच्याच अध्यायात तेच पुन्हा घडतं. पलिष्ट्यांच्या छावणीत गोंधळ उडालेला पाहून शौल याजकाला, म्हणजे पुरोहिताला, बोलावतो. काय करावं ते देवाला विचारायचं असतं. विचारणं चालू असतानाच तिकडचा गलका वाढतो आणि शौल याजकाला म्हणतो, राहू दे, हात आवर. उत्तर ऐकायला तो थांबत नाही, कारण आता त्याची गरज उरलेली नसते. त्याच दिवशी त्याने सैन्याला शपथ घातली होती की संध्याकाळपर्यंत कोणी अन्नाला शिवलं तर तो शापित. शपथ ठाऊक नसलेल्या योनाथानाने काठीच्या टोकाने मध चाखला, तर शौल पोटच्या मुलाला मारायला निघाला. लोकांनीच त्याला वाचवलं.

म्हणजे शौल धार्मिक नव्हता असं म्हणता येत नाही. उलट अर्पण, उपास, शपथ, वेदी, सगळं त्याच्याकडे भरपूर होतं.

मेंढरांचा आवाज

आता १५वा अध्याय. आज्ञा होती अमालेकी लोकांचा आणि त्यांच्या जनावरांचाही समूळ नाश करायची. ही आज्ञा आजच्या वाचकाच्या घशाखाली उतरत नाही, त्याबद्दल खाली बोलू. आधी काय झालं ते पाहू.

शौल जिंकला. अमालेक्यांचा राजा अगाग याला जिवंत धरलं. मेंढरं, गुरं, कोकरं यांपैकी उत्तम ते सगळं राखलं आणि टाकाऊ होतं त्याचा नाश केला. मग कर्मेल गावी स्वतःचं स्मारक उभारलं. लोकांसमोर यायला लाजून सामानात लपलेला हाच तो तरुण.

शमुवेल रात्रभर देवाकडे आक्रोश करत होता. सकाळी तो गिलगालला पोहोचला तेव्हा शौलाने पुढे होऊन आशीर्वाद देत सांगितलं, परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे. शमुवेल म्हणाला, मग हे मेंढरांचं बेंबें आणि बैलांचं हंबरणं कशाचं ऐकू येतंय?

इथे थांबून शौलाचं बोलणं एकेक करून पाहण्यासारखं आहे. पहिलं उत्तर: लोकांनी चांगली जनावरं राखली, परमेश्वराला अर्पण करायला, बाकीच्यांचा आम्ही नाश केला. राखणारे लोक, नाश करणारे आम्ही. दुसरं उत्तर: मी तर आज्ञा पाळलीच, अगागला आणलं, लूट लोकांनी घेतली, तीही अर्पणासाठी. शमुवेल म्हणतो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. तेव्हा तिसरं उत्तर येतं: मी पाप केलं, कारण मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं, आता क्षमा करा आणि माझ्याबरोबर परत चला. शमुवेल नकार देऊन वळतो, शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो, तो फाटतो. शमुवेल म्हणतो, असंच राज्य आज तुझ्यापासून फाडून घेतलं आहे. यावर चौथं उत्तर: मी पाप केलं आहे, तरी वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राखा.

राज्य गेल्याचं नुकतंच ऐकलेला माणूस काय मागतो? चारचौघांत मान राखावा, एवढंच.

अर्धी आज्ञा पाळली, तेही चालायला नको का?

ही दुसरी मोठी शंका. शौलाने जवळजवळ सगळं केलं होतं. शंभरातलं नव्वद केलं तर नव्वद गुण मिळायला हवेत.

डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून रुग्णाने कडू गोळ्या बंद केल्या आणि गोड सिरप तेवढं चालू ठेवलं. विचारल्यावर तो खुशाल सांगतो, "औषध घेतोय की." तो काही अंशी खरं बोलतो. पण कोणतं औषध घ्यायचं हे आता डॉक्टर ठरवत नाहीत, तो ठरवतो. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्यासाठी सूचनांचा साठा झाली आहे, पटेल ते उचलावं. शौलाने टाकाऊ जनावरं मारली, कारण ती मारायला त्याची ना नव्हती. जिथे आज्ञा आणि त्याची इच्छा आमनेसामने आली, तिथे इच्छाच जिंकली. म्हणून त्या नव्वद टक्क्यांतही आज्ञापालन किती होतं, असा प्रश्न पडतो.

आणि "अर्पणासाठी राखलं" ही सबब तर फारच ओळखीची आहे. चुकीच्या मार्गाने आलेल्या पैशातून देणगी देणं, घरच्यांना तुटक बोलून सेवाकार्याला धावणं, कबूल केलेलं काम टाळून प्रार्थनेचं निमित्त सांगणं. या सगळ्यात देवाचं नाव आहेच. शमुवेलाने या प्रकाराला सौम्य शब्द वापरलेला नाही. बंडखोरी ही शकुनविद्येच्या पापासारखी आहे, असं तो म्हणाला. शकुनविद्या म्हणजे दैवी शक्तीला आपल्या कामाला जुंपण्याचा प्रयत्न. तेव्हा ही तुलना अतिशयोक्त वाटते. पण शौल शेवटी एका भूतविद्या करणाऱ्या बाईच्या दारात गेला.

पण मुळात आज्ञाच क्रूर होती ना?

होती. बायकामुलांसकट मारा, हे वाचून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याबद्दल मला काळजी वाटेल. अमालेक्यांनी मिसरमधून निघालेल्या इस्राएलाच्या पिछाडीला, थकलेल्या दुर्बळ लोकांवर, हल्ला केला होता, हे कारण बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आलं आहे (२५:१७-१८). पण ती पिढी कधीच संपली होती. काही अभ्यासक म्हणतात की "समूळ नाश" ही त्या काळातल्या युद्धवर्णनांची ठरीव भाषा होती. याच पुस्तकात २७व्या आणि ३०व्या अध्यायात अमालेकी पुन्हा जिवंत भेटतात, हे त्यांच्या बाजूने जातं. एवढ्याने अस्वस्थता पूर्ण जात नाही आणि ती गेली असं मी भासवणार नाही. येशूने शत्रूंवर प्रीती करायला शिकवलं. त्यामुळे या अध्यायाचा आधार घेऊन आज कोणी कोणावर हत्यार उचललं तर त्याला तो आधार नाही.

एक मात्र नक्की. शौलाला दयेचा पुतळा बनवता येत नाही. दया आली म्हणून त्याने आज्ञा मोडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याने राखला तो राजा आणि राखली ती धष्टपुष्ट जनावरं. सामान्य माणसं त्याने सोडली नाहीत. आणि पुढे, दावीदाला भाकर दिली म्हणजे त्याच्याशी कट केला, या संशयावरून, त्याने नोब नगरातले ८५ याजक मारवले आणि त्या गावातले पुरुष, बायका, तान्ही मुलं, बैल, गाढवं, मेंढरं सगळी तलवारीच्या धारेने संपवली (१ शमुवेल २२). शत्रूविरुद्ध पूर्ण न केलेलं काम त्याने स्वतःच्याच देशातल्या देवसेवकांच्या गावात पूर्ण केलं. तिथे तर आज्ञाही नव्हती.

आता दावीद

दावीदाचा गुन्हा लहान करून उत्तर काढायचं नाही. बथशेबाला आणवलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवलं, आणि मारण्याचा हुकूम लिहिलेलं पत्र उरीयाच्याच हाती देऊन पाठवलं. शौलाने गिलगालमध्ये यातलं काही केलं नव्हतं.

नाथान संदेष्टा दावीदाकडे येतो आणि एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याची एकच मेंढी, मुलीसारखी वाढवलेली, ताटात खाणारी, कुशीत झोपणारी. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापून म्हणतो, तो माणूस मेलाच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद उत्तर देतो: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे.

शब्द दोघांचे सारखेच आहेत. "मी पाप केलं" हे शौलही म्हणाला, दोनदा तिथे आणि पुढे दावीदाला एकदा. फरक त्या वाक्यानंतर आहे. दावीदाचं वाक्य तिथेच संपतं. बथशेबाने काय केलं, सेनापती यवाबाने काय केलं, राजाला किती ताण असतो, यातलं काहीच नाही. माझा मान राखा, हेही नाही. उलट ही नामुष्की त्यांच्याच ग्रंथात नोंदली गेली आणि ५१वं स्तोत्र या प्रसंगाच्या मथळ्यासह आजही म्हटलं जातं.

"म्हणजे सॉरी म्हटलं की सुटका?" अशी शंका इथे येतेच. दावीद सुटला नाही. मूल गेलं. घरात बलात्कार झाला, भावाने भावाला मारलं, अबशालोम या मुलाने बंड करून बापाला यरुशलेमातून अनवाणी पळायला लावलं. त्या वाटेवर शौलाच्या कुळातला शिमी नावाचा माणूस दगड मारत, शिव्याशाप देत चालला होता. दावीदाबरोबरचा योद्धा अबीशय म्हणाला, मी जाऊन त्याचं डोकं उडवतो. दावीद म्हणाला, शाप देऊ दे त्याला. आपल्याला कडवं बोलणाऱ्यातही देव काही सांगत असेल, एवढी जागा त्याने ठेवली. (मरताना याच शिमीबद्दल दावीदाने आपल्या मुलाला, शलमोनाला, वेगळंच सांगून ठेवलं, १ राजे २. दावीदाचं कौतुक करताना ते पान आपण पटकन उलटतो.)

तेव्हा माझं उत्तर असं: देवाशी विश्वासू राहणं म्हणजे न चुकणं असतं तर या पुस्तकात एकही माणूस टिकला नसता. विश्वासू माणूस तो, ज्याला अजून कोणी "हे चुकलं" म्हणू शकतं आणि जो ते ऐकल्यावर आधी कारण शोधत नाही. दावीदाजवळ नाथान पोहोचू शकला. शौलाने आपले नाथान एकेक करून घालवले.

घालवले म्हणजे कसे?

शमुवेल दूर गेला. मरेपर्यंत तो पुन्हा शौलाला भेटायला आला नाही, तरी त्याच्यासाठी शोक करत राहिला. दावीद वीणा वाजवून त्याचं मन शांत करत असे. बायकांनी "शौलाने हजारो मारले, दावीदाने लाखो" असं गाणं म्हटल्यापासून शौल त्याच्यावर डोळा ठेवून होता आणि मग भालाच फेकला. योनाथानाने बापाला समजवायचा प्रयत्न केला तर भाला त्याच्यावरही गेला. मिखमाशला साऱ्या सैन्यात फक्त बापलेकाकडे शस्त्रं होती, हे आठवलं की हा प्रसंग जास्तच बोचतो. नोबचे याजक मारल्यावर एकटा अब्याथार निसटला आणि देवाचा कौल घेण्याचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, घेऊन दावीदाकडे गेला. पुढे देव स्वप्नांनी, उरीमाने (याजक देवाचा कौल घेत ते साधन), संदेष्ट्यांनी कशानेच उत्तर देईना, तेव्हा शौल घाबरला. पण विचारायच्या एकेक वाटा त्याने स्वतःच तोडल्या होत्या.

मग तो वेष पालटून रात्री एन-दोरला त्या बाईकडे गेला. भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकलणारा राजा हाच. ती घाबरली तेव्हा शौलाने तिला परमेश्वराची शपथ घालून अभय दिलं. देवाची आज्ञा मोडायला देवाच्याच नावाची हमी!

रोजच्या जगण्यात याचं काय करायचं

सिंहासन आपल्यापैकी कोणाकडे नाही, पण लोकांची भीती सगळ्यांकडे आहे. शौल स्वतःच म्हणाला की मी लोकांना भ्यालो, आणि मला त्याच्या साऱ्या बोलण्यात हे सर्वांत प्रामाणिक वाटतं. लोक नाराज होतील म्हणून घेतलेले निर्णय बहुधा धोरण, व्यवहार, वेळेची गरज अशा नावांनी ओळखले जातात. निर्णय घेताना एवढंच विचारून पाहावं, हे कोणालाच कळणार नसतं तर मी असंच केलं असतं का? मंडळीतला पाळक असो, घरातला कर्ता असो, संस्थेचा खजिनदार असो, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच टोचतो.

कबुली देताना वाक्य कुठे थांबतं ते बघावं. "चुकलं माझं, पण" यातल्या "पण"नंतर जे येतं ते बहुतेक वेळा शौलाचं तिसरं उत्तर असतं. कारणं खरी असतील, सांगायलाही हरकत नाही, पण ती दुसऱ्या दिवशी सांगावीत. आधी ज्याचं नुकसान झालं त्याला भरून द्यावं.

आणि वाट पाहणं. सातव्या दिवशी सगळ्यांचाच धीर सुटतो. तेव्हा काहीच करू नये असं नाही. योनाथानानेही स्वस्थ न बसता फक्त शस्त्रवाहकाला घेऊन कडा चढला होता. पण तो म्हणाला होता की कदाचित परमेश्वर आपल्यासाठी काही करेल. त्या "कदाचित"मध्ये देवाला नाही म्हणायची मोकळीक होती.

खरं तर विश्वासूपणाचा नमुना पाहायचा तर दावीदापेक्षा मी योनाथानाकडे बोट दाखवेन. राज्य त्याचं होतं. बापाने तोंडावर सांगितलं होतं, हा इशायाचा मुलगा (म्हणजे दावीद) जिवंत आहे तोवर तुझं राज्य टिकणार नाही. योनाथानाने आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद दावीदाला दिले होते आणि रानात जाऊन त्याला सांगितलं की तू राजा होशील, मी तुझ्या खालोखाल असेन. तरी त्याने बापाला सोडलं नाही. गिलबोवा डोंगरावर तो शौलाबरोबरच मेला. घर तेच, रक्त तेच. म्हणजे शौलाचं जे झालं ते नशिबात होतं, असं म्हणायला जागा उरत नाही.

"देवाने पाठवलेल्या दुष्ट आत्म्या"चं काय?

परमेश्वराचा आत्मा शौलाला सोडून गेला आणि देवाकडून आलेला एक दुष्ट आत्मा त्याला छळू लागला, असं १६व्या अध्यायात आहे. मग त्याला दोष का? त्या लेखकांची रीत अशी की जगात घडणारं सगळं शेवटी देवाच्या हाताखाली येतं, म्हणून ते तसं लिहितात. आणि क्रम पाहिला तर हे १५व्या अध्यायानंतर येतं. निवड आधी झालेली आहे. यात आज कोणी मानसिक आजाराची लक्षणं वाचतं. ३००० वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करायच्या भानगडीत मी पडणार नाही. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो: नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला "तुझं शौलासारखं झालंय" असं कोणी सुनावू नये. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. शौलाच्या गोष्टीचा त्याच्यावर दगडासारखा वापर करणं हा वाचनाचाही दोष आहे आणि प्रेमाचाही.

हा सगळा इतिहास दावीदाच्या बाजूच्यांनी लिहिला, असाही आक्षेप असतो. दावीदाचं राज्य योग्य ठरवण्याचा हेतू या पुस्तकांत दिसतो, हे बरेच अभ्यासक मानतात. पण दरबारी भाट बथशेबाचं प्रकरण लिहीत नाही. आणि याच पुस्तकात शौलाच्या मृत्यूवर दावीदाने केलेला विलाप आहे. त्यात शौल गरुडाहून वेगवान, सिंहाहून बलवान असा येतो, त्याच्या चुका त्यात नाहीत. याबेश-गिलादच्या लोकांनीही पहिलं उपकार लक्षात ठेवून रात्रभर चालत जाऊन बेथ-शानच्या भिंतीवरून त्याचं प्रेत उतरवलं.

मग माझंही शौलासारखं झालं असेल तर?

हा प्रश्न लोक उघडपणे विचारत नाहीत, पण बहुतेक सगळे प्रश्न याच्याच भोवती फिरत असतात. शौलाचं राजपद गेलं. देवाकडे परतायला त्याला बंदी होती असं मजकूर कुठेही म्हणत नाही. झग्याचा काठ फाटल्यानंतरही तो बरीच वर्षं गादीवर होता. त्या वर्षांत त्याने राज्य वाचवायची धडपड केली. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने त्याला जिवंत सोडलं तेव्हा तो मोठ्याने रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणाला, आणि थोड्याच काळात ३००० माणसं घेऊन पुन्हा त्याच्या मागे लागला.

याच्या शेजारी मनश्शे राजा ठेवून पाहावा. तो पुढच्या काळात दावीदाच्या घराण्याच्या यहूदा या राज्यावर ५५ वर्षं राज्य करत होता. त्याने मंदिरात परक्या देवांच्या वेद्या बांधल्या, मुलांना अग्नीत होमलं, भूतविद्येला आश्रय दिला. शौलाच्या पापांची यादी याच्यापुढे तोकडी आहे. अश्शूरच्या सरदारांनी त्याला बेड्या घालून बाबेलला नेलं आणि तिथे तो देवापुढे फार नम्र झाला. देवाने त्याचं ऐकलं, त्याला यरुशलेमला परत आणलं (२ इतिहास ३३). परतल्यावर त्याने मूर्ती नगराबाहेर टाकल्या आणि परमेश्वराची वेदी दुरुस्त केली. लोक मात्र उंचवट्यांवरच्या जुन्या ठिकाणीच यज्ञ करत राहिले, मुलगा आमोन बापाच्या पहिल्या वाटेने गेला, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाच्या नाशाचं कारण म्हणून आजही मनश्शेचंच नाव आहे.